मी सुचवलेलं ‘मिठाचं स्टेशन’

६ ऑगस्ट २००७, सोमवार
नवी वही. वाचक कुणी नाही. चोरून वाचणारा कुणी निघाला तर त्याची ती लायकी नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

संकल्प दोन. रोज लिहिणे. आणि ज्यांना जपानी मालिकांतलं काही कळत नाही त्यांच्यावर यापुढे एक शब्दही वाया न घालवणे. दुसरा पाळायला सोपा आहे. कोल्हापुरात अॅनिमे कळणारा माणूस एकच आहे आणि तो आत्ता लिहितोय.

आज कंपनीच्या बसमध्ये गणपतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय मृत्युंजय, कार्टूनचं खूळ गेलं का हाय अजून? गणपतराव आमच्या फौंड्रीतले क्वालिटीचे हेड. कास्टिंगला हातोडीने टिचकी मारून कान लावतात, त्यापलीकडे कशालाही कान लावत नाहीत. बस हसली. कागलची एमआयडीसी येईपर्यंत हसत होती. वय चौतीस, शिक्षण बी.ई. मेटलर्जी, आणि मी म्हणे कार्टून बघतो.

अॅनिमेला कार्टून म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात रिजेक्शनचा लाल ठिपका लावतो. बसमध्ये एकतीस माणसं आहेत. एकतीस ठिपके झाले. ड्रायव्हर धरून.

७ ऑगस्ट
वेळ नाही.

८ ऑगस्ट
काल वेळ होता, वीज नव्हती. भारनियमन करणाऱ्यांना ठिपका.

९ ऑगस्ट, गुरुवार
मेंटेनन्सला नवीन माणूस आला. नाव श्रेणिक. कबनूरचा. घरचे चार यंत्रमाग आहेत, तरी नोकरी करतो. आठवडाभर कोल्हापुरात खोली घेऊन राहतो, शनिवारी गावी जातो. हे सगळं मी विचारलं नव्हतं. माझ्या शेजारी धपकन बसला आणि सांगत सुटला. वर भडंगाची पुडी उघडून माझ्या नाकाखाली धरली.

मग त्याला माझ्या बॅगेतली सीडींची थैली दिसली. म्हणाला, सबटायटलवालं हाय काय?

सबटायटल! त्या बसमध्ये हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. पुढे म्हणाला की त्याला मारामारीचं अॅनिमे नको असतं. सावकाश चालणारं, बघून झाल्यावर दोन दिवस डोक्यात राहणारं पाहिजे असतं. कॉलेजला बेळगावात होता, तिथे होस्टेलवर नाद लागला. दोन मालिकांची नावं घेतली. मी दोन्ही पाहिलेल्या नाहीत. हलक्या आहेत, असं सांगितलं.

सहा वर्षं ज्या माणसाची वाट बघितली तो यायचा तर असा यावा का? तोंडात भडंग घेऊन?

१२ ऑगस्ट, रविवार
दिवसभर यादी केली. श्रेणिकसाठी अकरा मालिका. माझी आणि त्याची आवड सारखी आहे. म्हणजे माझी आहे, त्याची होईल.

अकरापैकी दहा मालिकांचे मी पहिले दोन-दोन भाग पाहिले आहेत. तेवढे पुरतात. भात शिजला का ते बघायला कुणी सगळं पातेलं खात नाही.

अकरावी म्हणजे ‘मिठाचं स्टेशन’. ही मात्र मी चौदा वेळा पाहिली आहे. २००१ साली बेंगळुरूच्या मावसभावाने दिली. त्याला तिची किंमत कळली नव्हती. तेरा भाग आहेत. समुद्राकाठचं छोटं रेल्वे स्टेशन, तिथला म्हातारा स्टेशनमास्तर, आणि रोज संध्याकाळी आईची वाट बघत फलाटावर बसणारी मुलगी. पहिल्या भागात दोघांची भेट होते. आणि दुसऱ्याच भागात म्हातारा मेलेला असतो! मग स्टेशन बंद पडतं, मुलगी मोठी होऊन परत येते, कंदील लावते. आणि सहाव्या भागात? म्हातारा पुन्हा हजर, चहा करतोय. कुणाला काही आश्चर्य नाही. तिथपासूनचे आठही भाग तो मेलेल्या अवस्थेत वावरतो आणि हे फक्त प्रेक्षकाला माहीत असतं. जगात असं कुणी केलेलं नाही.

चार सीडींवर क, ख, ग, घ अशी अक्षरं घातली आहेत. क्रम कॉम्प्युटरने दाखवला तोच ठेवला. मशीन चुकत नाही, माणसं चुकतात.

सोबत अटींचा कागद जोडला. बघताना खायचं नाही. मध्ये थांबवायचं नाही. खोलीत अंधार हवा. सोबत दुसरं माणूस नको.

१३ ऑगस्ट
दिलं. त्याने अटी वाचल्या. म्हणाला, साहेब, ह्ये शिनेमा हाय का उपास? मी हसलो नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर सुट्टी. जपानी शिकायचं पुस्तक पुन्हा काढलं. २००२ मध्ये चार धडे झाले होते. पाचवा धडा आकड्यांचा आहे. बाजारात जाऊन मुळे कसे मागायचे वगैरे. मी जपानी भाषेकडे मुळे मागायला गेलेलो नाही. पुस्तक परत ठेवलं.

२० ऑगस्ट, सोमवार
डोकं फिरलंय.

श्रेणिकने पहिली सीडी पाहिली. कुणाबरोबर? आईबरोबर! कधी? जेवताना! त्यांच्या घरी जैनांच्या रीतीने दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणजे लख्ख उजेडात. शेजारच्या खोलीत माग खडखडतायत. आईला इंग्रजी येत नाही म्हणून हा प्रत्येक सबटायटल मराठीत ओरडून सांगतोय, आणि तिला ताटात भाजी वाढायची असली की थांबवतोय. चारी अटी एका बैठकीत मोडल्या. मोडायच्या म्हणून मोडल्या असत्या तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

वर सांगतो, आईस्नी लई आवडलं. तिचं नाव रत्नाबाई. तिचा प्रश्न असा, की म्हातारा दुसऱ्याच भागात मेला, एवढी काय गडबड होती?

गडबड! मी त्याला समजावून सांगितलं. प्रत्येक भाग सुरू होताना स्टेशनच्या पाटीवर खडूची एक खूण दिसते. पहिल्या भागात एक आडवी रेघ. ती म्हणजे क्षितिज, म्हणजे जीवन. दुसऱ्या भागात फुली. फुली म्हणजे मृत्यू. तिसऱ्यात फुलीखाली एक रेघ, म्हणजे मृत्यूनंतरचं जीवन. जपानी मनाला हे सांगावं लागत नाही. ऐकून श्रेणिकने भडंगाची पुडी बंद करून खिशात ठेवली. खोल गेलं असावं.

२२ ऑगस्ट
मोठी बातमी. शाहूपुरीत एक रसिक मंडळ आहे. महिन्यातून एकदा छापखान्यावरच्या खोलीत चित्रपटावर बोलणं ठेवतात. नऊ सप्टेंबरला माझं व्याख्यान! विषय मीच दिला: ‘काळाची मोडतोड’. सचिव म्हणाले की ठरलेले पाहुणे पाय मोडून घरी बसलेत, तर तुम्ही याच. त्यांना नेमकं तेव्हाच माझं नाव आठवलं हे विशेष. मी त्यांना चार वर्षांत सतरा पत्रं पाठवली होती, त्याचा याच्याशी संबंध नाही.

अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणजे माझी आई. माहेर गडहिंग्लजकडचं, त्यामुळे आमच्या घरी आईला अव्वा म्हणतात. तिने विचारलं, तिथं पोरीबाळी येत्यात काय बघायला? म्हणजे स्थळाच्या दृष्टीने. ठिपका नाही लावला. आई आहे.

२४ ऑगस्ट, शुक्रवार
आमच्या केरबा नावाच्या कामगाराने आज फेटलिंगच्या, म्हणजे घासून साफ केलेल्या कास्टिंगच्या, मालात हीट नंबर ४१ च्या ट्रॉलीमागे ४५ ची लावली, मग ४२. ओतकामाच्या प्रत्येक घाण्याला नंबर असतो, तो कास्टिंगवर उठलेला असतो, आणि माल त्याच क्रमाने पुढे जायला हवा. न वाचता लावतात. मी अर्धा तास बोललो. क्रम म्हणजे काय ते सांगितलं. क्रम चुकला की सगळ्याचा अर्थ बदलतो हेही सांगितलं. केरबा म्हणाला, साहेब, माल तर त्योच हाय की. अशा लोकांसमोर काय बोलणार? सगळा लॉट परत लावायला लावला. तो दुपारी जेवला नाही. मी जेवलो.

२७ ऑगस्ट, सोमवार
श्रेणिकने दुसरी सीडी पाहिली, अर्थातच आईबरोबर. आज बसमध्ये म्हणाला, साहेब, एक बोलायचं हाय. आईनं खुणंचं काढलंय.

मी हात वर करून तिथेच थांबवलं. त्याची आई कबनूरच्या घरी काय करते? मागावरून उतरलेले कापडाचे तागे मोजते. जपानी दिग्दर्शकाने काय म्हटलंय ते मला तागे मोजणाऱ्या बाई सांगणार? सहा वर्षं अभ्यास मी केला. चौदा वेळा मी पाहिलं. असं बोललो नाही, पण चेहऱ्यावर आणलं.

मग त्याने स्वतःच्या आवडीची एक मालिका दिली. म्हणाला, ही बघा, तुम्हाला आवडंल, तुमच्यासारखीच हाय, बोलत न्हाई आणि बसती रुसून. यात टोमणा होता का ते ठरवायचं आहे.

मला शिफारस? मी शिफारस करणारा आहे. सीडी ड्रॉवरमध्ये ठेवली.

२९ ऑगस्ट
श्रेणिकने विचारलं, बघितली का? बघितली म्हणालो. कशी वाटली? शेवट जरा ओढूनताणून आणलाय, म्हणालो.

तो म्हणाला, तिला शेवट न्हाई साहेब. अर्धीच आलिया आजून.

मागच्या सीटवर गणपतराव होते. ते हसले. कशाला हसले हे त्यांनाही माहीत नसणार.

३० ऑगस्ट
आजपासून शेजारच्या सीटवर बॅग ठेवतो. पोटाशी धरून बसायला बॅग जड आहे, हे कारण. श्रेणिक आला, बॅगेकडे बघितलं, मागे जाऊन बसला. छान. शांतता. भडंगाचा वास नाही. खिडकीतून ऊस दिसतो.

३१ ऑगस्ट
ऊसच दिसतो.

३ सप्टेंबर, सोमवार
श्रेणिक बसमध्ये चढून माझ्या सीटपाशी उभा राहिला. हातात जाड पाकीट. म्हणाला, कार्यक्रमाच्या आदी येवढं वाचा. आईनं शपथ घातल्या मला.

घेतलं. वहीत मागच्या बाजूला ठेवलंय, उघडलेलं नाही. आत स्तुती असेल तर व्याख्यानानंतर वाचीन, म्हणजे आधीच डोक्यात हवा जायला नको. टीका असेल तर कशाला वाचू? पाकिटात काहीतरी गोल, कडक आहे. आपली अर्धी मालिका पुन्हा गळ्यात मारतोय.

६ सप्टेंबर
भाषण एकतीस पानं झालं. मुख्य मुद्दा चहाच्या कपाचा. दुसऱ्या भागात, म्हातारा गेल्यावर, मुलगी त्याचा कान तुटलेला कप धुवून उपडा ठेवते. पण तो कप तिच्याच हातून पडून कान तुटतो सहाव्या भागात! आधी तुटलेला, मग तुटतो. काळ उलटा वाहतोय. हे मला पाचव्यांदा बघताना सापडलं. त्या दिवशी फार वाटलं होतं की कुणाला तरी फोन करावा. तास दीड तास फोनपाशी बसून होतो. नंबर सुचला नाही.

दुसरा मुद्दा शेवटाचा. तेराव्या भागाचा शेवट असा: पाऊस लागलेला, म्हातारा मुलीला म्हणतो, थांब इथंच, छत्री आणतो. जातो. संपलं! जगातला सर्वांत धीट शेवट. प्रेक्षक कायमचा फलाटावर.

९ सप्टेंबर, रविवार
यश!!

उपस्थिती अकरा. त्यात सचिव, चहावाला, छापखान्याचे मालक, आणि एक गृहस्थ ज्यांना वाटलं होतं की पाय मोडलेले पाहुणे बोलणार आहेत. ते शेवटपर्यंत बसले, हे महत्त्वाचं. अव्वा आली नाही.

श्रेणिक आला होता. एका बाईंना घेऊन. ठेंगण्या, डोक्यावर पदर, बोटांना खडू लागलेला. रत्नाबाई. पहिल्या रांगेत. एवढ्या लांबून एसटीने, हातात पिशवी घेऊन. मला वाटलं, हल्ला करायलाच आल्या.

मी पन्नास मिनिटं बोललो. क्षितिज, फुली, कप, छत्री, सगळं. छत्रीचा प्रसंग पडद्यावर दाखवला तेव्हा रत्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हटलं, बघा, काळाची मोडतोड पोचली.

प्रश्नांना वेळ दिला. रत्नाबाई उठायला लागल्या. हातात एक कागद होता. श्रेणिकने त्यांचा हात धरला आणि हळूच खाली बसवलं. कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली. मग बसल्या बसल्याच म्हणाल्या, पावणं, मला त्या म्हाताऱ्याचं लई वाईट वाटलं. तुमास्नी न्हाई वाटलं?

मी उत्तर दिलं की वाईट वाटणं ही रसास्वादाची प्राथमिक पायरी आहे, आपण त्यापुढे जायला हवं. त्या म्हणाल्या, बरं बाबा.

टाळ्या श्रेणिकने सुरू केल्या. बाकीच्यांनी मग वाजवल्या. हरल्यावर माणूस जरा जोरातच टाळ्या वाजवतो. खोलीबाहेर त्याच्या आईने पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. शेंगदाण्याची चटणी. मी घेतला. तेवढं मोठं मन माझ्याकडे आहे.

१० सप्टेंबर
बसमध्ये व्याख्यानाबद्दल कुणीही विचारलं नाही. मी दोनदा खाकरलो. श्रेणिक मागे होता. त्याने नुसती मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बोलला असता तर मी बोललो असतो. बॅग जागेवर होती.

चटणी चांगली आहे. लसूण नाही तरी चांगली आहे. हे कसं जमतं?

१२ सप्टेंबर, बुधवार
संध्याकाळी साडेपाच. स्तुती वाचायची इच्छा झाली म्हणून श्रेणिकचं पाकीट उघडलं. आत एक डीव्हीडी, एक पत्र आणि एक कागद. पत्र इथे उतरवून ठेवतो. का, ते माहीत नाही.

‘मृत्युंजयसाहेब, रागवू नका. तोंडानं सांगायला गेलो तर तुम्ही ऐकत नाही म्हणून लिहिलं. पाटीवरच्या खुणा आकडे आहेत. आईनं ओळखलं. आमच्यात तागे मोजताना कापडावर खडूनं रेघा मारतात, एक ताग्याला एक, दोनला दोन, दहा झाले की फुली. आई म्हणाली, हे तर आपलंच आहे. एक रेघ पहिला भाग. फुली म्हणजे दहावा. फुली आणि एक रेघ, अकरावा. दोन रेघांचा भाग तुमच्याकडं सहावा लागलाय, तो खरा दुसरा. मी बेळगावच्या मित्राला फोन करून विचारलं, जपानीत एक, दोन, तीन, दहा असेच लिहितात म्हणाला. फाइलींना नुसते आकडे असले की जुना कॉम्प्युटर एकानंतर दहा, अकरा, बारा, तेरा लावतो, मग दोन. माझंही एकदा झालं होतं. तेराही भाग बरोबर क्रमानं एका डीव्हीडीवर करून दिले आहेत. कार्यक्रमाच्या आधी बघा, म्हणजे चारचौघांत काही व्हायला नको. आई म्हणते, त्यांना सांग, चांगली गोष्ट दाखवली. म्हातारा मधे परत जिवंत झाला तेव्हा आईला आधी बरं वाटलं, आणि मग खुणा कळल्यावर परत रडली. तुमचा श्रेणिक.’

तो कागद म्हणजे रत्नाबाईंनी काढलेल्या खुणा. एक रेघ. दोन रेघा. तीन. पुढच्या काही खुणा त्यांनाही लागल्या नाहीत, तिथे नुसती गोल टिंबं. मग फुली. हाच कागद रविवारी त्यांच्या हातात होता. म्हणजे दुसरा. पुन्हा काढलेला.

पत्र चूक आहे. उद्या सविस्तर खंडन लिहीन.

१३ सप्टेंबर
खंडन लिहायला घेतलं. संदर्भासाठी जपानीचं पुस्तक उघडलं. पाचवा धडा, पहिलं पान. आडवी रेघ, एक. दोन रेघा, दोन. तीन रेघा, तीन. खाली दहा. फुली.

खंडन लांबणीवर.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. २००१ मध्ये फाइलींचे आकडे मला दिसले होते. एक, त्याच्याखाली दहा. दुसरा कुणी असता तर त्याला चूक वाटली असती. मला वाटलं, इतरांपेक्षा मला जास्त कळतंय.

१६ सप्टेंबर, रविवार
काल गणपती बसले. गल्लीत सकाळपासून स्पीकर. अव्वा आरतीला शेजारी गेली आणि मी श्रेणिकची डीव्हीडी लावली. नवीन क्रमातले दोष टिपायला वही जवळ ठेवली होती.

साधी गोष्ट आहे. फार साधी. म्हातारा एकटा असतो, मुलगी येते. दुसऱ्या भागात तिच्या हातून कप पडतो, ती घाबरते, तो म्हणतो, कान तुटला, बरं झालं, आता दोन्ही हातांनी धरायला लागंल, हात गरम राहतील. चौदा वेळा पाहिलंय मी हे. प्रत्येक वेळी म्हातारा मेलेला होता, त्यामुळे तो काय बोलतोय याकडे लक्षच नव्हतं.

सातव्या भागाला वीज गेली. अडीच तास. बसून राहिलो. तो आत्ता जिवंत आहे आणि वीज येऊच नये असं वाटत होतं. पुन्हा सांगतो, वही जवळ होती. पान कोरं आहे.

नवव्या भागाच्या शेवटी पाऊस. थांब इथंच, छत्री आणतो. मी उठून चहा ठेवला. जगातला सर्वांत धीट शेवट वगैरे. मग आपोआप पुढचा भाग लागला. पाटीवर फुली. मुलगी मोरीपाशी उभी राहून तो कप धुतेय, दोन्ही हातांनी धरून.

छत्री आणायला गेला होता हो. भिजला, आजारी पडला, गेला. एवढंच. त्यात काळाची मोडतोड कुठेच नाही.

चहा उकळून शेगडीवर सांडला. अव्वा आली तेव्हा मी रडत होतो. तिने विचारलं, येन आतू? तिला काही फार झालं की ती कन्नडमध्ये विचारते, काय झालं म्हणून. मी सांगितलं, एक म्हातारा स्टेशनमास्तर वारला. तिने विचारलं, आपल्यातला काय? मी हो म्हणालो.

नंतर लक्षात आलं की रत्नाबाईंनी मला हेच विचारलं होतं, तुमास्नी न्हाई वाटलं? आणि मी काय उत्तर दिलं ते वर नऊ तारखेला माझ्याच अक्षरात आहे. खोडलं नाही. त्या कागद घेऊन उठल्या होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर अकरा माणसांसमोर माझं काय राहिलं असतं? श्रेणिकने हात धरून बसवलं. आणि टाळ्या त्यानेच सुरू केल्या.

केरबाची ट्रॉलीही आठवली. मी क्रमावर अर्धा तास बोललो होतो.

१७ सप्टेंबर, सोमवार
सकाळी ६.४०. बस. बॅग मांडीवर घेतली. शेजारची सीट रिकामी ठेवली, हाताने पुसली. श्रेणिक चढला. सीटकडे बघितलं नाही, सवयीने सरळ मागे गेला. हाक मारायला तोंड उघडलं. गणपतरावांना वाटलं त्यांच्याशीच बोलतोय, म्हणाले, काय मृत्युंजय, कार्टून काय म्हणतंय? मी म्हणालो, बरं आहे. कागलपर्यंत सीट रिकामीच होती.

उतरताना दारात गाठ पडली. माफीचं भाषण तयार होतं, तीन मुद्दे होते. चटणीचा डबा धुवून आणला होता, तो दिला. त्याने झाकण उघडून वास घेतला, हसला. म्हणाला, आई इचारत्यात, तुमच्या यादीतलं पुढचं कुठलं बघू? दहा उरल्यात न्हवं?

दहा उरल्यात. त्यातली कुठली चांगली आहे हे मला माहीत नाही. कुठलीच पुरी पाहिलेली नाही. सहा वर्षांत मी पुरी अशी एकच मालिका पाहिली, कालच्या रविवारी, आणि ती त्याच्या आईने सुचवलेल्या क्रमाने.

म्हणालो, त्यांनाच विचार ना, मी काय बघू ते.

तो बरं म्हणाला आणि मेंटेनन्सकडे गेला. शेजारी बसेन वगैरे काही म्हणाला नाही. बॅग खरंच जड आहे, मांडीला रग लागते. सवय करायला हवी.